चेकनाक्यापलीकडच्या बातम्या

दहिसरमध्ये 'रेडिओ' म्हटलं की जुन्या सोसायट्यांतल्या माणसांना गाणी आठवत नाहीत, पुनर्विकास आठवतो. पश्चिमेला विमानतळ प्राधिकरणाचं रेडिओ संदेश टिपणारं केंद्र आहे आणि त्याच्यापायी आसपासच्या इमारतींच्या उंचीला मर्यादा आल्या. निवेदनं झाली, बैठका झाल्या, प्रत्येक निवडणुकीत केंद्र हलवण्याची आश्वासनं झाली. हजारो घरांचा हा प्रश्न. पण राज्यभर जाणाऱ्या दैनिकाच्या दृष्टीने तो एका उपनगराच्या अर्ध्या भागाचा. आतल्या पानावर कधीतरी दोन कॉलम, मग महिनोन्‌महिने काही नाही.

एवढ्याशा जागेची बातमी कोण देणार आणि तिचा खर्च कोण सोसणार? दहिसर स्वतः १९५७ पर्यंत ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं, त्या वर्षी ते बृहन्मुंबईत आलं. आज निदान महापालिकेच्या बातम्यांच्या ओघात त्याचं नाव येतं. चेकनाका ओलांडून उत्तरेला किंवा घाट चढून देशावर गेलं, की पाच-सात हजार वस्तीच्या गावाला तेवढंही मिळत नाही. तिथे कोण काय छापतं, काय ऐकवतं आणि ते कशावर जगतं, हे पाहू लागलं की दीडशे वर्षांचा हिशेब उलगडत जातो. मराठीत या प्रश्नावर बोलणं बहुतेक ६ जानेवारीला, पत्रकारदिनी होतं. बाळशास्त्रींना हार, 'दर्पण'च्या १८३२ सालाचा उल्लेख आणि चहा. 'दर्पण' मुंबईचं होतं. गावाच्या पत्राची गोष्ट निराळी आहे.

ठाण्याहून 'अरुणोदय' १८६६ मध्ये निघालं. जिल्ह्याच्या गावाहून निघणारी पत्रं त्या काळात इतरत्रही सुरू होत होती, पण त्यांचा वाचक म्हणजे कचेरीतला कारकून, वकील, मास्तर. शेतकरी हा वाचक आहे किंवा होऊ शकतो, हे धरून चालणारं पत्र कृष्णराव भालेकरांचं. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी पुण्यात 'दीनबंधु' काढलं. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत आणून गिरणी कामगारांपर्यंत नेलं. भालेकरांच्या मुलाने, मुकुंदराव पाटलांनी, त्याहून धाडसाची गोष्ट केली. त्यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक काढलं ते पुण्यात नाही, मुंबईत नाही, नगर शहरातही नाही, तर सोमठाणे या खेड्यात. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीला नेलं. छापखाना खेड्यात. कागद, शाई, खिळे बाहेरून आणायचे, अंक टपालाने पाठवायचे, आणि ज्या गावच्या सावकाराविरुद्ध लिहायचं त्याच पंचक्रोशीत राहायचं. मुकुंदरावांनी हे थोडीथोडकी नाही, पाच दशकांहून अधिक वर्षं चालवलं. १९६७ मध्ये ते गेले, तोवर.

'दीनमित्र'चं कौतुक 'पहिलं ग्रामीण वृत्तपत्र' म्हणून होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लिहिणारा माणूस ज्याच्याबद्दल लिहितो त्याच्या शेजारी राहत होता. चुकीचं छापलं तर आठवडी बाजारात त्याची गचांडी धरता येत होती. शहरातल्या संपादकाला ही शिस्त कुणी लावू शकत नाही.

आणखी दोन पत्रं नोंदवायला हवीत, दोन्ही मुंबईच्या कुशीतली. अलिबागचं 'कृषीवल' चरीच्या संपाच्या धगीतून आलं. १९३३ मध्ये खोतांविरुद्ध सुरू झालेला तो संप सहा वर्षं चालला, कुळांनी शेतं पडीक ठेवली. त्या लढ्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, हे पत्र काढलं. पुढे ते शेतकरी कामगार पक्षाचं झालं आणि पक्षाचं म्हणूनच ओळखलं जातं. पण रायगडातल्या कुळाला आपली बाजू छापील अक्षरांत प्रथम तिथे दिसली, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावं. दुसरं, दहिसरहून खाडीपलीकडे वसईचं 'सुवार्ता'. १९५५ पासूनचं हे ख्रिस्ती समाजाचं मराठी मासिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ संपादक होते, आणि त्या काळात वसईत जमिनी बळकावणं, टँकरसाठी विहिरींचा उपसा, गुंडगिरी या सगळ्याबद्दल धर्मसभेच्या मासिकात उघड लिहिलं जाऊ लागलं. त्यातूनच हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीला बळ आलं. धार्मिक मासिकाने पाण्यावर का लिहावं, असं तेव्हा विचारणारे होतेच. पण वाडीवाडीतल्या वर्गणीदाराच्या घरी जे पोचतं, त्याच्याकडे ताकद असते. आणि त्याला पैसा देणारा बिल्डर नसतो, ही त्याहून मोठी ताकद.

इथे माझं म्हणणं सांगून टाकतो. गावाची बातमी देण्याचं काम आपल्याकडे दोन साधनांत वाटलं गेलं आहे, आणि वाटणी अशी विचित्र आहे की वर्तमानपत्राला बातमी देण्याची मुभा आहे पण पैसा नाही. गावचा रेडिओ गाव ऐकतं, त्याचा खर्चही तुलनेने कमी, पण त्याला बातमी देण्याची मुभा नाही. बाकीच्या अडचणी याच्या पोटातल्या.

तालुक्याच्या साप्ताहिकाचा साधा अंक हातात घ्या. चार पानं. पहिल्या पानावर आमदारांचा किंवा कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस, शुभेच्छुकांच्या टिकल्याएवढ्या फोटोंसह. तिसऱ्या पानावर प्रथम पुण्यस्मरण, दहावीतलं यश, पतसंस्थेचा ताळेबंद. चौथ्यावर सरकारी जाहिरात, ती आली असेल तर. खरी बातमी असते दुसऱ्या पानावर, सात पॉइंटच्या अक्षरात: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, गट नंबर तमुक ही मिळकत आमचे अशिलांनी खरेदी करण्याचे ठरविले असून, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांचे आत…' गावची कोणती जमीन कुणाकडे चालली आहे, हे सातबारा बदलण्याआधी इथे कळतं. महामार्ग जायचा असतो, प्रकल्प यायचा असतो, तेव्हा या नोटिसा दाट होतात. आणि ज्याला हरकत नकोच असते तो नोटीस छापण्यासाठी मुद्दाम कुणी वाचत नाही असं पत्र शोधतो. अशा पत्रांचा एक धंदाच आहे. ती वाचकांसाठी निघत नाहीत, फाइलला लावण्यासाठी निघतात. सरकारी जाहिरातींच्या यादीत राहण्यापुरते अंक छापणारी पत्रंही याच जातीची. त्यांची संख्या मोजून 'ग्रामीण पत्रकारिता फोफावली' असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मोठी दैनिकं गावात उतरली ती याच जागेवर. नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' १९३२ मध्ये सुरू केला आणि तालुक्यातालुक्याला बातमीदार नेमण्याची पद्धत पाडली. पुढे 'पुढारी', 'लोकमत', 'गावकरी' यांनी आपापले मुलूख बांधले. मग जिल्हावार आवृत्त्या आल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातली बातमी कळेनाशी झाली, हा त्याचा उपसर्ग. 'सकाळ'ने २००५ मध्ये 'अ‍ॅग्रोवन' हे शेतीला वाहिलेलं दैनिक काढलं. हा प्रयोग मात्र अस्सल आणि टिकलेला. तरी एकूण रचना पाहिली तर तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो, असला तर मोबाइलच्या बिलापुरता. त्याला मिळते ती जाहिरातींवरची दलाली. दिवाळी अंकाला, वर्धापनदिनाला, १५ ऑगस्टला जाहिराती आणायच्या कुणाकडून? सरपंच, ठेकेदार, साखर कारखाना, वाळूवाले. आणि बातमी द्यायची कुणाची? त्यांचीच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'पेड न्यूज'चा प्रकार उजेडात आणला तेव्हा देशभर खळबळ झाली. तालुक्यातल्या बातमीदाराला त्यात नवं काही वाटलं नसेल. वरच्यांनी घाऊक सुरू केलं, एवढंच.

तरीही काही जण लिहितात, आणि त्याची किंमत मोजतात. राजापूरचे शशिकांत वारिशे बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीवर 'महानगरी टाइम्स'मध्ये लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ज्या माणसाबद्दल त्यांची बातमी छापून आली, त्याच माणसाच्या गाडीची धडक त्यांच्या दुचाकीला त्याच दिवशी बसली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्येच कायदा केला होता. शहरातल्या पत्रकाराभोवती निदान वार्ताहर संघ असतो, कॅमेरे असतात. गावातल्या बातमीदाराला रोज त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

आता रेडिओकडे वळू. इथे महाराष्ट्राने एकदा जगाला धडा घालून दिला होता आणि मग स्वतःच विसरला. १९५६ चा फेब्रुवारी ते एप्रिल. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर, युनेस्कोची मदत, पुणे केंद्र (ते १९५३ मध्ये सुरू झालं होतं) आणि पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतली १५० गावं. प्रत्येक गावात वीसेक जणांचा एक मंच. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम. असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा आणि बोलायचं. पटलं का, आपल्या गावात जमेल का, पैसा कुठून आणायचा. निमंत्रकाने टिपण करायचं आणि प्रश्न पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं.

मूल्यमापनाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं, पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. त्यांनी तुलनेसाठी आणखी गावं घेतली: काही जिथे रेडिओ होता पण मंच नव्हता, काही जिथे रेडिओच नव्हता. निष्कर्ष असा निघाला की नुसता रेडिओ असलेल्या गावांत ज्ञानात फारशी भर पडली नाही, मंच असलेल्या गावांत ती ठळक पडली. आणि नुसती माहिती वाढली असं नाही. मंचांनी विहिरी खोदायला घेतल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या काढल्या. आणखी एक गोष्ट न्यूरथ यांना दिसली: ज्या गावात ग्रामपंचायतीत तीच ती माणसं बोलत, तिथे मंचात इतरांनाही तोंड फुटलं. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली. पुढे हरितक्रांतीच्या काळात आकाशवाणीचे शेतीविभाग वाढले, कार्यक्रम वाढले, तज्ज्ञ वाढले. मंच तेवढे विरत गेले. बोलणारा राहिला, प्रश्न परत पाठवणारा गेला. युनेस्कोच्या अहवालांत पुण्याचं नाव अजून आहे. पुण्यात तो प्रयोग आठवणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही.

आकाशवाणीची थोरवी नाकारायची नाही. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांवर घड्याळं लावली जात. नागपूर १९४८, सांगली १९६३, रत्नागिरी १९७७ आणि नंतर बीड, धुळे, उस्मानाबाद, यवतमाळ, सातारा, सोलापूर अशी जिल्हा केंद्रं झाली. सांगलीवर लागलेली ओवी जतच्या बाईला आपल्या गावची वाटे. पण निर्माते निवृत्त होत गेले, जागा भरल्या नाहीत, हंगामी निवेदकांवर काम ओढलं जाऊ लागलं आणि जिल्हा केंद्रावरून मोठ्या केंद्राचा कार्यक्रम पुढे ढकलणं वाढलं. जून २०२३ मध्ये तर पुण्याचा वृत्तविभागच बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचं ठरलं होतं. ओरड झाली म्हणून निर्णय थांबला. ओरड करायला पुण्यासारखं शहर होतं म्हणून थांबला, हे इथे लक्षात घ्यायचं.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यातून समुदाय रेडिओ आला, पण सावकाश: २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. शंभर वॅटचं प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. स्वयंसेवी संस्थेतर्फे चालणारं देशातलं पहिलं केंद्र तेलंगणातल्या माचनूरचं 'संघम रेडिओ', २००८ मध्ये दलित बायकांनी चालवायला घेतलेलं. त्याच वर्षी माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. माण म्हणजे दुष्काळाचं घर. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने तिथे १९९७ मध्ये बायकांची सहकारी बँक काढली होती, रेडिओ तिच्या पाठोपाठ. शाळेचं तोंड न पाहिलेल्या केराबाई सरगर तिथे ओव्या गातात, बोलतात आणि ऐकणारी बाई कामं बाजूला ठेवते. जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' आहे. त्या टापूत घरची बोली कानडी आणि कागदाची भाषा मराठी, म्हणजे मुंबई-पुण्याहून येणारं कुठलंच प्रक्षेपण त्यांना पुरं पडत नाही. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राचं केंद्र आहे, पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे. देशभर अशी पाचशेच्या आसपास केंद्रं चालतात. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लाजिरवाणा आहे.

या केंद्रांवर काय बोलता येत नाही ते पाहा. बातम्या नाहीत. राजकारण नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं; वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, जत्रा, वीज कधी जाणार, हे सांगता येतं. म्हणजे टँकर उद्या येणार नाही हे सांगता येईल. गेले आठ दिवस तो कागदावर फिरला आणि गावात आला नाही, हे सांगितलं की ती बातमी झाली. हीच गोष्ट शेजारचा साप्ताहिकवाला छापू शकतो. तोच मजकूर गावातलं पोरगं फोनवर बोलून यूट्यूबवर टाकू शकतं. फक्त परवाना घेऊन, पत्ता देऊन, मनोऱ्याची उंची मोजून देऊन बसलेल्या केंद्राला तो वर्ज्य. 'कॉमन कॉज' संस्थेने २०१३ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०२४ च्या नव्या नियमांनी जाहिरातींचा वेळ तासाला १२ मिनिटांपर्यंत वाढवला, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदाला ७४ रुपये केला. पैशाची गाठ थोडी सैल केली. बातमीची तशीच ठेवली.

सुरक्षेचं कारण दिलं जातं. शंभर वॅटच्या मनोऱ्यावरून देशाची सुरक्षा धोक्यात येते असं मानलं, तरी प्रत्येक केंद्राला प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण जपून ठेवावं लागतं. चुकलं तर पुरावा तयार असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेला असा पुरावा नसतो. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्या अफवेला त्याच दिवशी, त्याच बोलीत, ओळखीच्या आवाजात खोटं ठरवणारं तिथे कोण होतं?

फोनने सगळं केलंच आहे, मग हे कशाला, असं विचारणारे बरेच भेटतात. फोनने पोचवण्याचा खर्च शून्यावर आणला, हे खरं. तालुक्यातालुक्यात यूट्यूब वाहिन्या उगवल्या, काही चांगल्या आहेत, बऱ्याचशा हातात बूम घेऊन पैसे मागणाऱ्या. पण चौकशी करण्याचा, तहसीलमध्ये चार खेटे घालण्याचा, माहिती अधिकारात अर्ज करून वाट पाहण्याचा खर्च फोनने कमी केलेला नाही. आणि पूर आला की फोन आधी जातो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा वीज गेली, मोबाइल गेले, कुठल्या आळीत किती पाणी आहे हे पलीकडच्या आळीला कळेना. २०११ च्या त्सुनामीत जपानच्या इशिनोमाकीतल्या छोट्या दैनिकाचा छापखाना बुडाला, तेव्हा त्यांनी कागदाच्या गुंडाळीवर मार्करने बातम्या लिहून सहा दिवस निवाराकेंद्रांच्या भिंतींवर लावल्या. हे जमलं ते बातमीदार त्या गावचे होते आणि आधीपासून पगारावर होते म्हणून.

गावच्या बातमीची गरज जास्त वाटते, याला आणखी एक कारण. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासक बसले. नगरसेवक नव्हते, जिल्हा परिषद सदस्य नव्हते. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. त्या काळात नेमका किती पैसा कुठे गेला याचा हिशेब गावपातळीवर विचारणारी पत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तेव्हा करायचं काय? सरकारी जाहिराती कुठल्या पत्राला किती दिल्या हे दर तिमाहीला जिल्हा माहिती कार्यालयाने जाहीर करावं. फाइलपुरती निघणारी पत्रं आपोआप उघडी पडतील. समुदाय रेडिओला वर्तमानपत्राचेच कायदे लावून स्थानिक बातमीची मुभा द्यावी, निदान ग्रामसभा, पाणी, रेशन, बाजारभाव आणि पंचायतीचा खर्च एवढ्या विषयांपुरती तरी. आणि ज्या कृषी विज्ञान केंद्रांकडे रेडिओ आहे त्यांनी १९५६ चा मंच पुन्हा बसवावा. त्याला नवा कायदा लागत नाही. वीस माणसं, एक वही आणि प्रश्नांची उत्तरं देण्याची तयारी लागते.

राहिला वर्गणीचा भाग, तो सरकारकडे मागता येत नाही. दहिसर-बोरिवलीतली कितीतरी घरं कोकणातली, साताऱ्यातली, सांगलीतली. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला आपण न विचारता हजार रुपये देतो. मे महिन्यात गावी जाल तेव्हा तालुक्यात खरोखर वाचलं जाणारं एक साप्ताहिक शोधा, वर्षाची वर्गणी भरा, मुंबईचा पत्ता द्या. अंक आला की पहिलं पान सोडून दुसरं आधी वाचा. गावच्या जमिनीला हरकत घ्यायला चौदाच दिवस असतात.